टोपीवाले आणि ऊबरवाले

सुम्याच्या तोंडात वडापावचा पहिला घास होता, तेवढ्यात त्यानं काडी लावली.

"काहीही म्हणा, टीम फोर्ट्रेस टूची वाट लावली ती कॉम्पवाल्यांनी."

टीम फोर्ट्रेस टू म्हणजे आमचा ऑनलाइन गेम. आमचा कट्टा म्हणजे डोंबिवली पूर्वेला तात्यांच्या झेरॉक्सच्या दुकानाची पायरी. नऊला शटर अर्धं खाली येतं, तात्या आत गल्ला मोजत बसतात आणि बाहेर आम्ही. त्या दिवशी चौघं होतो. सुम्या, मंदार, प्राजक्ता आणि मी. बाकीचे पावसाचं निमित्त सांगून घरी.

मंदार आमच्यातला एकमेव कॉम्पवाला, म्हणजे लीगच्या स्पर्धा खेळणारा. आशियातल्या लीगमध्ये तीन सीझन मेडिक, म्हणजे उपचार करणारा गडी, म्हणून खेळला. सिंगापूरचा सर्व्हर, सत्तर-ऐंशी पिंग, रात्री साडेनऊची मॅच आणि घरचे समजायचे पोरगा ऑफिसच्या कॉलवर आहे. सुम्या याच्या बरोब्बर उलटा. जून २०११ मध्ये गेम फुकट झाला त्या आठवड्यापासून आजतागायत टूफोर्ट नावाच्या मॅपच्या गटारात स्पाय घेऊन फिरतोय. त्याच्या स्पायच्या डोक्यावर जी टोपी आहे ती घेण्यासाठी त्यानं काय काय विकलं ते त्याच्या आईला कळता कामा नये.

"वाट कशी लावली, ते तर सांग," मंदार शांतपणे म्हणाला. त्याचा हा शांत आवाज ऐकला की मी चहाचा ग्लास बाजूला ठेवतो.

"गेममध्ये नऊ प्रकारचे गडी आहेत. नऊ! तुमच्या सहाविरुद्ध सहाच्या सिक्सेसमध्ये खेळतात कोण? दोन स्काउट, दोन सोल्जर, एक डेमोमन, एक मेडिक. पायरो नाही, इंजिनिअर नाही, हेवी नाही, माझा स्पाय नाही. मिसळीतलं फरसाण काढायचं, कट काढायचा, कांदा काढायचा आणि उरलेल्या मटकीला म्हणायचं हीच खरी मिसळ."

प्राजक्ता हसली. मंदार नाही.

"कोणी काढलेलं नाही. नियमात पायरो चालतो, स्पाय चालतो. शेवटचा पॉइंट वाचवायला हेवी आणि इंजिनिअर निघतातच. पण काबीज करायचे पाच पॉइंट असलेला मॅप, इकडून तिकडे सतत पळायचं. त्यात तुझा हेवी पाय ओढत येईपर्यंत लढाई संपलेली असते. जोरात पळणारे आणि रॉकेटवर उडणारे पुढे गेले, एवढंच झालंय. आणि नऊच्या नऊ हवेत तर हायलँडर आहे की. नऊविरुद्ध नऊ, प्रत्येक प्रकारचा एकेकच. किती सीझन खेळलास?"

सुम्यानं मिरचीकडे लक्ष वळवलं.

ज्यांना हा गेमच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा २००७ चा शूटर, ऑरेंज बॉक्समधून आला. कॅज्युअलमध्ये, म्हणजे मजेसाठीच्या खेळात, बाराविरुद्ध बारा असा गोंधळ चालतो. सिक्सेसमध्ये सगळी मॅच मेडिकच्या ऊबरभोवती फिरते. जखमींवर सलग चाळीसेक सेकंद उपचार केले की मशीन भरतं, मग आठ सेकंद मेडिक आणि त्याचा गडी अमर. ज्याचं ऊबर आधी भरलं तो दारातून आत घुसणार, दुसरा मागे सरणार. मंदारच्या शेजारी बसून मी एकदा मॅच ऐकली आहे. ऐकलीच म्हणायचं, कारण कानावर नुसते आकडे येत होते. "साठ... त्यांचं पन्नास असेल... ऐंशी... थांबा, थांबा... आहे!" आणि मग आठ सेकंद सहा जण एकदम ओरडले. लोकलमध्ये दादरला दार गाठताना होतं ना, तसं.

"बरं, क्रिट," सुम्या म्हणाला. हा वाद होणार हे ठरलेलंच होतं. "तेही तुम्हाला नको. एक रॉकेट नशिबानं क्रिट, म्हणजे तिप्पट, लागतं, समोरचा उडतो, सगळे हसतात. कधीतरी नवशिक्याचाही नंबर लागतो. गल्लीत वन टिप वन हँड असतं, जोशींच्या गच्चीवर बॉल गेला की आऊट असतं, तेव्हा कोणी एमसीसीचं पुस्तक काढतं का?"

"नवशिक्याचा नंबर लागतो हे तुला कोणी सांगितलं?"

"दिसतं ना."

"नीट बघ. साध्या बंदुकीला क्रिटची शक्यता दोन टक्के. पण शेवटच्या वीस सेकंदांत तू जेवढं नुकसान केलंस, तेवढी ती चढत जाते. बारापर्यंत. म्हणजे जो आधीच सगळ्यांना धुतोय, त्यालाच क्रिट जास्त. नवशिक्या दोनवरच बसलेला. तिप्पट मार, साध्या रॉकेटचे नव्वद, क्रिटचे दोनशे सत्तर. मेडिकला ओव्हरहील, म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त उपचार, करून करून दोनशे पंचवीसपर्यंत नेतोस, तो एका फटक्यात गेला. तुझ्या गल्लीत जोशींची गच्ची सगळ्यांना सारखी होती. इथे जो सिक्सर मारतोय त्याच्यासाठी बाउंड्री आणखी जवळ आणतात."

याला सुम्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. इतकी वर्षं मी क्रिटला गरिबाची लॉटरी समजत होतो आणि तिकिटं सावकारालाच जास्त मिळतात हे मला त्या पायरीवर कळलं.

आतून तात्यांचा आवाज आला. "एवढं भांडताय, पैसे तरी मिळतात का याचे?"

"नाही हो तात्या," मंदार म्हणाला. "सीझन पूर्ण केला की पदक मिळतं. गेममध्येच. छातीवर लावायचं."

"आणि याला?"

"मला टोपी आहे," सुम्या म्हणाला.

तात्यांनी नोटांना रबर लावलं. "म्हणजे तुलाही टोपी आणि त्यालाही टोपी."

खरंय ते. गेमच्या लेखी ते पदक आणि सुम्याची टोपी एकाच पेटीत पडतात. अंगावर मिरवायच्या वस्तू.

पण सुम्याचा मूळ मुद्दा अजून बाकी होता आणि त्याचा सल खरा होता. ७ जुलै २०१६ ला मोठा अपडेट आला. त्याआधी आपण वाटेल त्या सर्व्हरवर जायचो, मधेच घुसायचो, कंटाळा आला की निघायचो, मित्र पलीकडे असेल तर टीम बदलायचो. त्या दिवसापासून कॅज्युअल नावाची रांग आली. मशीन जोडून देईल त्यांच्याबरोबर खेळा. सुरुवातीला तर मॅच अर्धी टाकून निघालं तर शिक्षासुद्धा होती. आणि शेजारी दुसरं बटण, कॉम्पिटिटिव्ह.

"तुम्ही मागितलंत म्हणून झालं ते," सुम्या म्हणाला. "वर्षानुवर्षं घोकत होतात, मॅचमेकिंग द्या, रँक द्या. मिळालं. किंमत आम्ही मोजली."

"आम्ही मागितलं होतं ते मिळालंच नाही!" मंदारचा आवाज पहिल्यांदा चढला. "सहाविरुद्ध सहा दिलं, पण एका प्रकारचे किती जण घ्यायचे याला बंधन नाही, कुठल्या हत्याराला बंदी नाही. मेडिकचं वॅक्सिनेटर मशीन घ्या, तीन-तीन हेवी घ्या. लीगवाला एक माणूस तिथे टिकला नाही. महिन्याभरात आम्ही आपापल्या पासवर्डच्या सर्व्हरवर परत. जेवायला कोणी बोलावलंच नाही आणि बिल मात्र आमच्या नावावर."

इथे माझं मत सांगतो, जे दोघांनाही पटलं नाही. भांडण या दोघांचं नव्हतंच. त्या अपडेटनं जे गेलं ते कॅज्युअलही नव्हतं आणि कॉम्पही नव्हतं, ते दोघांच्या मधलं काहीतरी होतं. कोणीतरी पदरच्या पैशानं चालवलेला चोवीस जागांचा सर्व्हर. रोज रात्री तीच दहा-बारा नावं. त्यात एक मंदारसारखा असायचा, लीगची मॅच रद्द झाली म्हणून आलेला. तो आला की तुम्ही वीस मिनिटं मार खायचात आणि एकविसाव्या मिनिटाला विचारायचात, "अरे, तू रॉकेटवर एवढा लांब उडतोस कसा?" तो सांगायचा. मला पहिली रॉकेटजंप अशाच एकानं शिकवली. खाली वाक, उडी मार, पायाशी मार, पुढचं बटण सोड. "पुढचं बटण सोड" हे त्यानं चार वेळा सांगितलं, कारण मी चारही वेळा सोडलं नाही. नाव त्याचं नीट आठवतही नाही, काहीतरी बटाट्यावरून होतं. गळती आधीपासून होतीच म्हणा, झटपट खेळाचं बटण लोकांना कंपनीच्याच सर्व्हरवर नेऊन टाकायचं. पण २०१६ नंतर त्या सर्व्हरवर नवा माणूस चुकून येणंही संपलं. आता नवशिक्या रांगेतून येतो, अनोळखी अकरा जणांत पडतो, मार खातो आणि निघून जातो. बॉटच्या, म्हणजे आपोआप खेळणाऱ्या फसव्या खात्यांच्या, त्रासापायी २०२० मध्ये मोफत खात्यांचं लिहिणं-बोलणं बंद केलं, तेव्हा तर त्याचं तोंडच बंद झालं. विचारणार काय आणि कोणाला?

"म्हणजे हा कट्टाच की," सुम्या म्हणाला. "असा सगळ्यांना खुला पब सर्व्हर म्हणजे तात्यांची पायरी."

"आणि तात्या ॲडमिन," मंदार.

मला वाटलं, चला, पटतंय. पण प्राजक्ता इतका वेळ गप्प होती. ती ग्लासातला उरलेला चहा फिरवत म्हणाली, "तुमच्या त्या सोन्याच्या सर्व्हरवर मी किती दिवस टिकले माहितीये? तीन."

कोणी काही बोललं नाही.

"पहिल्या दिवशी माइकवर एवढंच म्हणाले, मागे स्पाय आहे. पुढची अर्धी मॅच सगळे माझ्याच मागे. वय काय, कुठली, फोटो दाखव. ॲडमिनला लिहिलं. तो त्यातल्याच एकाचा मित्र. तिसऱ्या दिवशी मीच बाहेर. तुम्हाला तो कट्टा वाटतो कारण कट्ट्यावर तुम्हाला कोणी बसू नको म्हणालं नाही."

"मग कॅज्युअल बरं?" सुम्यानं जरा दबकत विचारलं.

"कॅज्युअलमध्ये मी माइक लावतच नाही. पाच वर्षं झाली. शेवटी जीजी, गुड गेम, टाइप करते, संपलं. गंमत सांगू? सगळ्यात कमी त्रास मला झाला तो हायलँडरमध्ये. तुम्ही ज्यांना माजोरडे म्हणता ना, त्यांच्यात. आठ आठवडे एका टीमबरोबर खेळले, इंजिनिअर. माझं वय काय, मी कुठली, एकानं विचारलं नाही. विचारायचे ते एकच, सेंट्री, म्हणजे आपोआप गोळ्या झाडणारी तोफ, कुठल्या लेव्हलला आहे. ती लेव्हल थ्रीला नसेल तर मात्र शिव्या. पण त्या शिव्या सेंट्रीला होत्या."

मंदारनं "बघ" म्हणायला तोंड उघडलं.

"तू गप्प बस," ती म्हणाली. "आमच्यात पहिल्या मॅचला एक नवीन मुलगा पायरो म्हणून आला होता. दोन चुका केल्या, त्यांच्या सोल्जरनं आमचा मेडिक पाडला. मॅच संपल्यावर कॅप्टननं त्याला चॅनलमधून काढलं. निरोपसुद्धा नाही. शिव्या नाहीत, चिडचिड नाही, नुसता काढला. त्यापेक्षा गल्लीतली शिवी परवडली."

मग विषय बॉटवर गेला. तो लवकर आटपला, कारण तिथे कोणाचं कोणाशी भांडण नव्हतं. स्नायपर बॉट कॅज्युअलमध्ये अक्षरशः घर करून बसले होते, डोकं दिसलं की संपलं. कॉम्पवाल्यांना पासवर्डच्या भिंती होत्या. "तुम्ही बंगल्यात, आम्ही चाळीत, पाणी आमच्याच घरात शिरलं," असं सुम्यानं म्हणून घेतलं. पण मे २०२२ ला आवाज उठला तेव्हाही आणि जून २०२४ ला तीन लाखांहून जास्त सह्या झाल्या तेव्हाही, दोन्ही बाजूंचे लोक एका रांगेत होते. मंदारनंही सही केली होती. हे सुम्याला माहीत नव्हतं. त्यानं विचारलं, "तुला काय फरक पडत होता?" मंदार म्हणाला, "अरे, माझ्याकडे येणारी पोरं तुमच्यातनंच येतात ना." मग आपण जरा जास्तच गोड बोललो असं त्याला वाटलं असावं, कारण लगेच पुढे म्हणाला, "येतात तेव्हा काही येत नसतं त्यांना, ते सोड."

"आमच्याकडच्या मॅपवर येऊन शिकतात म्हणून."

"तुमच्याकडचे? प्रोसेस, गलीवॉश, स्नेकवॉटर, हे कॉम्पसाठी लोकांनी घरी बसून बनवलेले मॅप आहेत. ते नंतर गेममध्ये घेतले. तू त्यावर फुकट हिंडतोस."

"मी टूफोर्टवरच असतो."

"तेच तर."

टूफोर्टवर दोन्ही टीम पुलाच्या आपापल्या बाजूला बसून राहतात. तास तास निकाल लागत नाही. मधल्या पुलावर एखादा हेवी बंदूक खाली करून सँडविच टाकतो, समोरचा ते खातो आणि दोघं नाचतात. मंदारच्या मते हा वेळेचा खून आहे. माझ्या मते दिवसभर ऑफिसात टार्गेट ऐकून आलेल्या माणसाला निकाल न लागणारी एक जागा हवी असते. हे मी बोललो नाही, कारण तात्यांनी शटरची सळई हातात घेतली होती.

आम्ही उठलो. पाऊस बारीक झाला होता. मंदार मोबाइल बघत दोन पावलं मागे रेंगाळला. मग म्हणाला, "उद्या पग आहे, जमतील त्यांची मॅच. दहा वाजता. अकरा जण झालेत."

आम्ही ओळखलं. बारावा कायम मेडिकच कमी असतो. पगमध्ये आपणहून मेडिक व्हायला कोणी तयार नसतं, मंदारला उद्या पलीकडच्या टीमनं आधीच उचललेलं.

"मेडिकचं क्विक-फिक्स मशीन चालतं का?" सुम्यानं विचारलं.

"नाही."

"नशिबाचं क्रिट?"

"नाही."

"मग काय चालतं तुमच्याकडे?" त्यानं पायरीवरचा वडापावचा कागद उचलून चुरगळला, डब्यात टाकला. "टोपी?"

मंदारनं त्याच्याकडे पाहिलं. "टोपी चालते."

"मग लिही माझं नाव."

"ऊबरचे आकडे मोठ्यानं बोलायचे हां. माइक लावून."

"मराठीत बोलेन."

"सिंगापूरचे आहेत रे ते."

"मग शिकतील की," सुम्या म्हणाला आणि स्टेशनच्या दिशेनं निघाला.