काळी संडास आणि ‘नॉर्मल’ हिमोग्लोबिन

दादा, तुमचं म्हणणं असं की संडास काळी दिसली की पोटात रक्तस्राव असू शकतो, कॅज्युअल्टी गाठा असं लिहून मी लोकांना उगाच घाबरवते, तुमच्या वडिलांना लोहाच्या गोळ्यांनी रोज काळीच होते, आणि हिमोग्लोबिन नॉर्मल असेल तर रक्तस्राव कुठून येणार. लोहाचं बरोबर आहे, ते मी लिहायला हवं होतं, राहिलं. पण लोहाची काळपट-हिरवी आणि बांधलेली असते. पोटातल्या रक्ताची डांबरासारखी, चकचकीत, दोनदा फ्लश केलं तरी भांड्याला धरून राहते आणि वास असा की एकदा आला की विसरत नाही. त्याला ५० ते १०० मिली रक्त पुरतं, म्हणजे कपभर चहासुद्धा नाही.

हिमोग्लोबिनचं मात्र अजिबात पटत नाही. पातेल्यातलं अर्धं सरबत काढून घेतलं तरी उरलेलं तेवढंच गोड लागतं ना, पाणी घातल्यावर अगोड होतं, रक्ताचंही तसंच, शरीरातलं पाणी रक्तात येऊन ते पातळ व्हायला आणि आकडा उतरायला काही तास जातात, कधी दिवसही जातो. मागे एक आजोबा आले, गुडघ्यांसाठी तीन आठवडे डायक्लोफिनॅक, म्हणजे पोटात अल्सर करू शकणारी दुखण्याची गोळी चालू, तीही रिकाम्या पोटी, पोटात दुखत नाही, तक्रार फक्त चक्कर. हिमोग्लोबिन १२.१ आलं, मुलगा म्हणाला नॉर्मल आहे, सोडा आता. पण नाडी ११८, म्हणजे फार वेगात होती आणि उठून बसवलं तर कपाळावर घाम फुटला, त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. तेवढ्यात आजी हळूच म्हणाल्या, दोन दिवस झाले लेंग्याचा काळा डाग निघत नाहीये. तोवर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं! दुसऱ्या दिवशी सकाळी तेच हिमोग्लोबिन ७.८, आणि दुर्बिणीत अल्सर.

आणि आला की ॲडमिट असंही नसतं हो. नाडी, बीपी, युरिया, हिमोग्लोबिन, चक्कर येऊन पडला का, लिव्हरचा आजार आहे का, हे सगळं धरून धोका किती याचे गुण, म्हणजे ब्लॅचफोर्ड स्कोअर काढतात, ० किंवा १ आला तर बहुतेकांना घरी पाठवता येतं. पण ते तपासून ठरवायचं, घरबसल्या नाही. उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं काही पडलं किंवा उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली तर मात्र सरळ १०८ लावा.

एक राहिलं. मेटोप्रोलॉलसारखी बीपीची गोळी चालू असेल तर रक्त जात असूनही नाडी फारशी वाढत नाही, तिथे आम्हीसुद्धा फसू शकतो. तुमच्या वडिलांना लोहाशिवाय ॲस्पिरिन किंवा अशी एखादी गोळी चालू आहे का, आणि लोह मुळात कशासाठी दिलंय, रक्त कमी का झालं ते कुणी शोधलं का? तेवढं कळवा, प्लीज.