अक्षरं कापून मराठी ऐकता येत नाही

'मराठी जशी लिहितो तशीच बोलतो. मग रेकॉर्डिंग अक्षरागणिक कापायचं, एकेक तुकडा ओळखायचा, की झालं टंकन! तरी बोललेलं टाइप करताना फोन चुकतो, कारण कंपन्यांना मराठीची पर्वा नाही.' नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हा मेसेज जोरात फिरतोय. लिहिणाऱ्याचं भाषेवर प्रेम आहे, म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

'लिहितो तशीच बोलतो' हे अर्धंच खरं. कोपरखैरणे लिहिताना अक्षरं सहा: को, प, र, खै, र, णे. बोलताना उरतात चार तुकडे: को-पर्-खैर्-णे. 'चार' आणि 'चारा' यांत अक्षर तेच, पण 'च'चे ध्वनी दोन.

आता कापण्याचं. कापणार कुठे? 'वाशीला ये' म्हणताना दोन शब्दांमध्ये आवाज थांबतच नाही. उलट 'पत्ता' म्हणताना जीभ दातांमागे अडते आणि शब्दाच्या पोटातच क्षणभर शांतता होते. शांतता बघून कापलं, तर जोडलेलं जोडलेलंच राहील आणि एकसंध शब्द तुटेल. शिवाय ध्वनी एकमेकांत मिसळलेले असतात. 'कू'मधला क् उच्चारतानाच ओठ पुढे आलेले असतात, 'की'मध्ये नाही. अमेरिकेतल्या हॅस्किन्स प्रयोगशाळेने 1952 साली दाखवलं, की कृत्रिमरीत्या तयार केलेला एकच स्फोट-आवाज (अडलेली हवा सुटताना होतो तसा क्षणिक आवाज) 'ई'आधी लोकांना प् वाटतो आणि 'आ'आधी क्. म्हणजे तो तुकडा सुटा हातात घेतला, तर तो कोणता हे सांगताच येत नाही.

म्हणून यंत्र आधी कापत नाही. ते साधारण 25 मिलिसेकंदांची खिडकी दर 10 मिलिसेकंदांनी पुढे सरकवतं, प्रत्येक खिडकीत कोणता ध्वनी किती संभवतो ते मोजतं आणि सगळं वाक्य बघून सर्वांत जुळणारा क्रम निवडतं. सीमा त्यातूनच ठरतात. 2006 साली मांडलेल्या 'कनेक्शनिस्ट टेम्पोरल क्लासिफिकेशन' पद्धतीत तर शिकवतानाही सीमा सांगाव्या लागत नाहीत; रेकॉर्डिंग आणि त्याचं लेखन एवढं पुरतं.

तेच मराठीत कमी आहे. कंपन्यांवरचा राग तिथवर मला मान्य. पण ऐरोली-घणसोलीच्या आगरी घरांतलं 'पानी' आणि 'सगला' यंत्राने कधी ऐकलंच नसेल, तर कितीही बारीक कापून त्याला ते कळणार नाही. मोझिलाच्या 'कॉमन व्हॉइस' या आवाज गोळा करणाऱ्या खुल्या प्रकल्पात मराठी आहे, तिथे कुणीही आपल्या आवाजात वाक्यं वाचून देऊ शकतं. ग्रुपवर पुढे पाठवायचंच असेल, तर हे पाठवा.