अप्पांचं दरपत्रक

आमच्या अप्पांबरोबर भाजी आणायला जायला हल्ली घरात कोणी आपणहून तयार होत नाही. पूर्वीही त्रास होताच, पण तो साधा होता. मेथीची जुडी उलटीपालटी करून ते भाजीवाल्याला बेजार करायचे, तो पुटपुटायचा, आम्ही दुसरीकडे बघायचो. आता ते भाजीकडे बघतही नाहीत. चालता चालता मध्येच थबकतात आणि मोठ्याने एक आकडा म्हणतात.

"दोनशे!"

समोर रिक्षातून वाकून कोणीतरी लाल पिचकारी मारलेली असते.

झालं असं, की मुंबई महापालिकेचे २००६ सालचे स्वच्छतेचे उपविधी अप्पांच्या हाती लागले. माझ्या भाच्याने ते छापून, वर स्पायरल बाइंडिंग करून, त्यांच्या वाढदिवसाला दिले. (भाच्याला त्यानंतर आमच्याकडे श्रीखंड मिळालेलं नाही.) त्यात कुठल्या गुन्ह्याला किती दंड याचा तक्ता आहे. थुंकलं तर २००. उघड्यावर लघवी केली तर २००. रस्त्यावर कपडे-भांडी धुतली तर २००. रस्त्यावर आंघोळ केली तर मात्र १००, म्हणजे थुंकण्याच्या निम्म्या पैशात माणूस नखशिखान्त स्वच्छ होतो. नेमून दिलेली जागा सोडून पशुपक्ष्यांना खायला घातलं तर ५००, आणि गाडी धुतली तर थेट १,०००. काही लोकांना उडप्याचं मेनूकार्ड पाठ असतं, तसा हा तक्ता अप्पांना दरांसकट पाठ आहे. त्यावर त्यांचं चिंतनही चालू असतं. "आंघोळ शंभर, गाडी हजार," ते परवा आईला म्हणाले, "मग एखाद्याने गाडीच्या टपावर बसून आंघोळ केली, तर कुठला दर लावायचा?" आईने त्यांना दळण आणायला पिटाळलं.

हे सगळं घरापुरतं राहिलं असतं. पण एप्रिल २०२५ मध्ये महापालिकेने क्लीन-अप मार्शल, म्हणजे रस्त्यात घाण करणाऱ्यांकडून दंड वसूल करणारी माणसं, बंद केले आणि जागा रिकामी झाली, असा अप्पांनी समज करून घेतला. गणवेश नाही, पावतीपुस्तक नाही, अधिकार तर नाहीच. आहे तो आवाज. पण तो खणखणीत, कारण त्यांचा जन्म शाळेत पीटी शिकवण्यात गेला आहे.

पंचाईत अशी, की आकड्याचा संदर्भ फक्त त्यांनाच ठाऊक असतो. एकदा केळीवाल्याच्या गाडीपाशी उभे असताना पाठीमागे कोणीतरी खाकरून कार्यभाग उरकला. अप्पा गरजले, "दोनशे!" केळीवाला बिचारा हातातला घड खाली ठेवून म्हणाला, "बाबा, साठ रुपये डझन आहे. दोनशे कशाला देता?" रविवारी सकाळी रस्त्यावर पाइप सोडून एक पोरगा शेजाऱ्यांची गाडी धूत होता. अप्पा गॅलरीतून ओरडले, "हजार!" पोरगा वर बघून म्हणाला, "काका, महिन्याचे सातशेच घेतो. तुमची कुठली गाडी?" आमच्याकडे गाडी नाही. तरी अप्पा दिवसभर त्याचं कौतुक करत होते, पोरगा कायद्यापेक्षा तीनशेने स्वस्त आहे म्हणून.

थुंकण्याच्या दंडाबद्दल माझं मत विचाराल तर तो दंड नुसता कागदाला शोभा आहे. २००६ साली दोनशे रुपये ऐकून माणूस तोंडातलं पान गिळत असेल. आज तो "सुट्टे नाहीत" म्हणतो आणि पुन्हा थुंकतो.

खरी लढाई घरात पेटली, ती कबुतरांवरून. स्वयंपाकघराच्या खिडकीत ज्वारीची मूठ टाकायची आणि मगच चहाचं आधण ठेवायचं, असा आईचा नेम. ऑगस्ट २०२५ मध्ये कबुतरांना दाणे घालणं थांबावं म्हणून पालिकेने दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, लोकांनी ती ताडपत्री फाडली, प्रकरण उच्च न्यायालयात गाजलं, तेव्हा आमच्या खिडकीचाही निकाल लागणार हे मी ओळखलं. अप्पांची बाजू भक्कम होती. कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ श्वासातून जाऊन फुफ्फुसं कायमची खराब होऊ शकतात, असं छातीचे डॉक्टर सांगतात. शिवाय खालच्या मजल्यावरच्या एसीवर जे साचतं, ते कोणाला दाखवण्यासारखं नसतं. एवढं सगळं सांगायचं सोडून अप्पा खिडकीपाशी जाऊन नुसते म्हणाले, "पाचशे."

"लिहून ठेवा," आई म्हणाली, "आणि पेन्शनमधून वळते करून घ्या."

महिनाभर ते खरंच लिहीत होते. आकडा पेन्शनच्या जवळ आला तेव्हा आईने ज्वारी थांबवली, पण जाता जाता एक प्रश्न टाकला. "पितृपंधरवड्यात कावळ्याला घास ठेवायचा, त्याचे किती?"

अप्पा दुपारभर स्पायरल बाइंडिंग घेऊन बसले. पक्षी म्हणजे पक्षी. कावळ्याला सूट नाही, पितरांचा तर उल्लेखच नाही. संध्याकाळी ते बाहेर आले ते तोडगा घेऊनच. "आपण कावळ्याला घालतच नाही. आपण तुझ्या सासऱ्यांना घालतो. कावळा मध्यस्थ आहे. मध्यस्थाबद्दल उपविधी गप्प आहेत."

मध्ये आमची बाथरूम फोडली. काँट्रॅक्टर म्हणाला, राडारोडा रात्री गोणीत भरून नाक्यावर टाकू, कोण बघतंय? "मी बघतोय," अप्पा म्हणाले. मग त्या गोण्या पालिकेच्या 'डेब्रिज ऑन कॉल'ची गाडी येईपर्यंत आमच्या पॅसेजमध्ये राहिल्या आणि आम्ही त्यांना वळसा घालून आडवे आडवे बेडरूममध्ये जात होतो. जांभळाची फांदी तोडायला वॉचमन कोयता घेऊन चढला, तेव्हा अप्पांनी खालून एकच शब्द विचारला, "परवानगी?" झाड आपल्या आवारातलं असलं तरी १९७५ चा वृक्ष कायदा आहे, छाटणीसुद्धा पालिकेला विचारून करायची. वॉचमन उतरला. जांभळं यंदाही सगळ्यांच्या शर्टांवर पडली.

पण अप्पांच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस उगवला तो पावसाळ्याच्या तोंडावर. दारात महापालिकेच्या कीटकनाशक खात्याचा माणूस, हातात टॉर्च. अशा माणसाला लोक दारातूनच "आमच्याकडे डास नाहीत" म्हणून वाटेला लावतात. अप्पांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारलं, "तुम्ही डासांची नोटीस महापालिका कायद्याच्या कलम ३८१ खालीच देता ना?" त्या माणसाने कप खाली ठेवला. एवढ्या नोकरीत त्याचं कलम त्याला कोणी विचारलं नसावं.

मग त्याने काम दाखवलं. टीव्हीशेजारी बाटलीत मनी प्लांट होता. त्याने पांढरी बशी मागितली, बाटलीतलं थोडं पाणी तीत ओतलं आणि वरून टॉर्च मारला. आधी काही दिसेना. मग पाण्याच्या पृष्ठभागाला शेपट्या टेकवून, डोकी खाली सोडून लटकलेल्या बारीक अळ्या दिसू लागल्या. त्याने बशीच्या कडेला टिचकी मारली, तशा सगळ्या वळवळत तळाला गेल्या आणि हळूहळू पुन्हा वर आल्या. डेंग्यूचा डास असल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो, तो सांगत होता, अंड्याचा डास व्हायला आठवडाभर पुरतो. म्हणून आठवड्याला एकदा सगळी भांडी रिकामी करून घासायची, कोरडा दिवस पाळायचा. दारात डोकावणारे शेजारचे काका दचकून म्हणाले, "दर आठवड्याला?" त्यांना वेगळ्या कोरड्या दिवसाची धास्ती होती.

आमची बाटली ओतली, आम्हाला समज मिळाली. एवढ्यावर भागलं असतं. पण अप्पांनी त्या माणसाला सबंध बिल्डिंग दाखवली. कुंड्यांखालच्या ताटल्या, एसीचे ट्रे, स्कूटरवरच्या ताडपत्रीच्या घड्या, गच्चीवरच्या टाकीचं धड न बसणारं झाकण, सेक्रेटरींच्या पॅसेजमधले जुने टायर. कुठे काय आहे हे त्यांना आधीच माहीत होतं. संध्याकाळी बऱ्याच दारांवर नोटिसा लागल्या. तेव्हापासून आमच्याकडे विरजण मागायला कोणी येत नाही. पण त्या पावसाळ्यात आमच्या बिल्डिंगमधून डेंग्यूने कोणी हॉस्पिटलात गेलं नाही, हेही सांगायला हवं. लोक मात्र ते श्रेय कमी पावसाला देतात.

गणपतीत गल्लीतल्या मंडळाची पोरं आमच्याकडे वर्गणीला आली, ती घाबरतच. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम अप्पांना पाठ आहेत: रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, वर्षात फार तर १५ दिवस १२ पर्यंत सवलत, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. (४५ म्हणजे आमची आई रागावून पोळ्या लाटताना पुटपुटते तेवढा.) पोरं हुशार निघाली. "अप्पा, तुम्हीच माइकवरून सांगा ना, तुमचं लोक ऐकतील." तो दिवस सवलतीच्या यादीत नव्हता. आरती आटोपली आणि दहाला दहा कमी असताना अप्पांनी माइक हातात घेतला.

त्यांनी डेसिबलपासून सुरुवात केली. तिथून ते थुंकण्यावर आले, थुंकण्यावरून कबुतरांवर, कबुतरांवरून कोरड्या दिवसावर. लोक प्रसादाच्या द्रोणासाठी थांबले होते, त्यामुळे कोणाला निघता येईना. शेवटी आमच्या गॅलरीतून आईचा आवाज आला, "अहो, दहा वाजून गेले!"

मंडळाच्या अध्यक्षाने झडप घालून वायर उपटली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

अप्पांनी मेलेला माइक बाजूला ठेवला, बाह्या सारख्या केल्या आणि पीटीच्या मैदानावरच्या आवाजात म्हणाले, "नियम ध्वनिक्षेपकाला आहे, घशाला नाही. तर मी गाडी धुण्याकडे वळत होतो."