अस्वल विकायला काढताना

तुम्ही क्रोशाने एक अस्वल विणलंत. पहिलंच. एक कान वर, एक खाली, पण भाचीने दिवसभर सोडलं नाही. तेवढ्यात शेजारच्या काकू डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगं, एवढा हात चांगला आहे, विकत का नाहीस?" झालं! आता सुटका नाही. तेव्हा माझे अनुभवाचे बोल ऐका.

किंमत ठरवताना लोकर धरा, कापूस धरा, डोळे धरा. वेळ धरू नका. अस्वलाचं डोकं सहा मुक्या खांबांपासून (म्हणजे क्रोशाच्या आखूड टाक्यांपासून) सुरू होतं; मग बारा, अठरा, चोवीस. मध्येच दाराची बेल वाजते आणि आपण सतराव्यावर होतो की एकोणिसाव्यावर, हे देवालाच ठाऊक. उसवा. डोळ्यामागची चकती एकदा कट्‌कन बसली की निघत नाही, त्यामुळे अस्वल तिरळं झालं तर डोकंच नवं करायचं. दोन पाय एका मापाचे होईपर्यंत तीन विणून होतात. असे 14 तास जातात. त्यांना ताशी शंभर रुपये लावून बघा एकदा, पण एकट्याने, दार लावून. गिऱ्हाईक आधीच म्हणत असतं, "एवढंसं तर आहे! नुसती लोकरच ना?" नातेवाईक पैशांचा विषयही काढत नाहीत. तुम्ही तशाही घरीच असता.

मन खचलं तर इतिहास वाचा. 1902 साली अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीत शिकारीला गेले आणि झाडाला बांधलेल्या अस्वलावर गोळी झाडायला त्यांनी नकार दिला. वर्तमानपत्रात त्याचं व्यंगचित्र आलं. (अस्वल वाचलं नाहीच. जखमी होतं, म्हणून त्यांनीच दुसऱ्याकडून मारवलं. व्यंगचित्रात एवढं मावत नाही.) त्या व्यंगचित्रावरून ब्रुकलिनमधले गोळ्या-चॉकलेटवाले मॉरिस मिचटम यांना कल्पना सुचली, बायकोने, रोझने, अस्वल शिवलं आणि ते दुकानाच्या काचेत बसलं. नाव पडलं टेडी, न झाडलेल्या गोळीच्या मालकाचं. शिवणारीचं नाव तुम्ही आत्ता ऐकलंत.

आता कायदा. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना सूट मिळते, पण तो खटाटोप कोण करणार? सरळ 'शोपीस' म्हणा. मग कुणी विचारेल, "आमचा बाळ दीड वर्षाचा आहे, सगळं तोंडात घालतो, चालेल ना?" तेव्हा ते प्लॅस्टिकचे डोळे आठवा आणि गोड हसा.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन होते आणि फुकट होते. म्हणूनच ती एजंटला हजार रुपये देऊन करून घ्या. फुकटच्या प्रमाणपत्राला घरात कोण विचारतं?

आणि दिवाळीआधी मंगल कार्यालयात भरणाऱ्या प्रदर्शनात स्टॉल घ्याच. मी घेतला होता. दोन दिवसांचं भाडं साडेतीन हजार, जागा जिन्याखाली. "तिथे सतत वर्दळ असते," असं आयोजक म्हणाले होते, आणि ते खोटं बोलले नाहीत; स्वच्छतागृह त्याच बाजूला होतं. अस्वलं खपली चार. मी मात्र समोरच्या ताईंची चकलीची भाजणी घेतली, शेजारणीची खणाची पर्स घेतली, पलीकडचं उटणं घेतलं. भाजणीवाल्या ताईंनी माझं एक अस्वल घेतलं. चारातलं एक ते. अशा आम्ही सगळ्याजणींनी मिळून आयोजकांचा धंदा झकास चालवला.

एवढं करूनही जमलं नाही, तर नाउमेद होऊ नका. मीही झाले नाही. दर रविवारी माझ्या घरी 'छंदातून उद्योग' ही कार्यशाळा असते. दोन तास, 799 रुपये, लोकर आपापली आणायची. पैसे आधी घेते. आणि दोन तास म्हणजे दोनच तास. तिसरा लागला तर त्याचे वेगळे.