सिस्टम३२ उडवा म्हणे! हा फॉरवर्ड लिहिणारा मला एकदा भेटायला हवा

रविवारी सकाळी डिचोलीहून मामाचा फोन. "अरे, हा सिस्टम३२ फोल्डर डिलीट करायला देईना, परवानगी नाही म्हणतोय. ती काळी खिडकी उघडून कमांड टाकू ना?" कसली कमांड विचारलं तर म्हणे देवस्थानच्या ग्रुपवर आलीय, "नको असलेलं सॉफ्टवेअर मुळापासून काढा, ५ सोपे उपाय, दुरुस्तीवाले हे सांगत नाहीत". म्हटलं मामा, आधी माऊसवरचा हात काढ. त्या कंप्युटरवर देवस्थानचा सहा वर्षांचा जमाखर्च आहे, आणि बॅकअपचा पेनड्राइव्ह कुठंय तर म्हणे खजिनदाराकडे असेल बहुतेक.

मग तो फॉरवर्ड मागवून घेतला. आधी तिसऱ्या उपायाचं बोलतो, कारण मामा तिथेच अडकला होता, नशीब अडकला.

"तुमचा कंप्युटर ६४ बिटचा असेल तर सिस्टम३२ हे ३२ बिटच्या जमान्यातलं जुनं फोल्डर आहे, उगाच जागा खातं, उडवा." वाचायला कसं पटतं बघा! पण ६४ बिटच्या विंडोजमधे ६४ बिटच्या फायली असतात त्या सिस्टम३२ मधेच, आणि ३२ बिटच्या असतात सिसवाव६४ नावाच्या फोल्डरात. हो, उलटंच आहे, जुन्या प्रोग्रामांमधे ते नाव पक्कं लिहिलेलं होतं म्हणून मायक्रोसॉफ्टनं बदललं नाही. विंडोजचा कर्नल, म्हणजे गाभा तिथे, प्रिंटर-बिंटर चालवणारे ड्रायव्हर तिथे. ते उडवलं की कंप्युटर साफ होतो हे खरंय, इतका साफ की परत चालूच होत नाही. ही इंटरनेटवरची फार जुनी थट्टा आहे, कुणीतरी ती मराठीत आणून खाली नमस्काराचे हात लावलेत एवढंच. आणि "परवानगी नाही" येतं ते कंप्युटर बिघडलाय म्हणून नव्हे, त्यातल्या बहुतेक फायलींचा मालक ट्रस्टेडइन्स्टॉलर नावाचं विंडोजचंच अंतर्गत खातं असतं, ते अ‍ॅडमिनलासुद्धा सहज हात लावू देत नाही, मुद्दाम. ती कमांड म्हणजे तोच पहारेकरी हाकलायची.

चौथा उपाय, रजिस्ट्री क्लीनर चालवा. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची आणि प्रोग्रामांची सेटिंग्ज जिथे नोंदलेली असतात ती वही, आणि क्लीनर म्हणे त्यातल्या नको त्या नोंदी पुसतो. गंमत अशी की रजिस्ट्रीच्या मुख्य फायली सिस्टम३२ च्याच पोटात, कॉन्फिग नावाच्या फोल्डरात असतात! म्हणजे तिसऱ्यात घर पाडा आणि चौथ्यात त्याच घरात झाडू मारा. बरं, मायक्रोसॉफ्टचं या क्लीनरांबद्दल स्वतंत्र पान आहे, त्यात सरळ लिहिलंय की असली साधनं वापरायला आमचा पाठिंबा नाही, गडबड झाली तर विंडोज नव्यानं टाकायची पाळी येऊ शकते. एकेकाळी त्यांनी स्वतः रेगक्लीन नावाचं साधन काढलं होतं, तेही मागे घेतलं. ज्यांची विंडोज ते नको म्हणतात, आणि आमच्या ग्रुपवरचे पंडित हो म्हणतात.

"नावाजलेला क्लीनर घेतला तर?" असं मामानं विचारलंच. २०१७ साली सीक्लीनर या नावाजलेल्याच क्लीनरच्या ५.३३ आवृत्तीत कुणीतरी मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर घुसवलं होतं, आणि ती आवृत्ती २२ लाखांवर कंप्युटरांवर गेली होती.

पाचवा उपाय, अँटीव्हायरस बंद करून खालच्या लिंकवरचा फुकट बूस्टर टाका. याला काय उत्तर द्यायचं? चोर सांगतो कुत्रा बांधून ठेव.

पहिला उपाय डेस्कटॉपवरचं आयकॉन डिलीट करा. तो फक्त शॉर्टकट, म्हापशाच्या बाजारात दुकानाची पाटी उतरवली म्हणून दुकान बंद पडतं का?

दुसरा, प्रोग्राम फाइल्समधलं फोल्डर उडवा. हा मामानं करून झाला होता. आता पुष्कळदा काढून टाकायचा प्रोग्राम, म्हणजे अनइन्स्टॉलर, त्याच फोल्डरात असतो, तोच गेला मग यादीत नाव तसंच आणि अनइन्स्टॉल दाबलं की फाइल सापडत नाही म्हणतो. शेवटी तेच भंगार सॉफ्टवेअर मूळ साइटवरून परत टाकून घेतलं आणि नीट काढलं, विंडोज ११ वर सेटिंग्ज, अ‍ॅप्स, इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स, तीन टिंबं, अनइन्स्टॉल, मग रीस्टार्ट. विंडोज १० वर त्याच ठिकाणी अ‍ॅप्स अँड फीचर्स असतं. ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम, मात्र वेगळं काढावं लागलं, ते यानं जातंच असं नाही.

एक गोष्ट त्या फॉरवर्डात खरी आहे, मानावी लागते, अनइन्स्टॉल केल्यावरही थोडा कचरा राहतो. अ‍ॅपडेटामधे, म्हणजे प्रोग्राम आपली माहिती ठेवतात त्या फोल्डरात, त्या सॉफ्टवेअरच्या नावाचं फोल्डर उरतं, ते नंतर हातानं काढलं तर चालतं, नाही काढलं तरी सहसा काही बिघडत नाही. फक्त नाव नीट वाचून, आणि आधी अनइन्स्टॉल, मग हे.

संध्याकाळी मामा म्हणाला, तो मेसेज मी डिलीट केला रे. त्याच्या फोनवरून गेलाय. ग्रुपवर आहे तसाच आहे, खाली चौदा जणांचे अंगठे.