काटकसर करा, पण प्रवाळावर पाय देऊन नको

‘अंदमान निम्म्या खर्चात’ हा मेसेज गेल्या आठवड्यात आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीनदा फिरला. त्याचं म्हणणं असं: मेअखेर जा, सगळं स्वस्त असतं. हॅवलॉक बेटाहून पोर्ट ब्लेअरला परतायची बोट आणि तिथून पुण्याचं विमान एकाच दिवशी धरा, एक मुक्काम वाचतो. पोहता येत नसेल तर स्नॉर्केलिंगवर (मास्क आणि श्वासाची नळी लावून, पाण्यावर तरंगत खालचं बघणं) पैसे घालवू नका, उथळ पाण्यात प्रवाळाच्या खडकावर उभं राहिलं तरी मासे दिसतात. मासे जवळ यावेत म्हणून पाव न्या. आठवण म्हणून शंख गोळा करा, फुकट असतात.

काटकसरीशी माझं भांडण नाही. दोन वर्षांपूर्वी आई, मी आणि मुलगा पॅकेज न घेताच गेलो होतो. पण या मेसेजमधली बचत ज्या समुद्रासाठी आपण एवढ्या लांब जातो, त्याच्याच मुळावर येणारी आहे.

मेअखेरीचा सल्ला तर पुणेकराने मुळीच ऐकू नये. ‘मॉन्सून अंदमानात दाखल’ ही बातमी शिमला ऑफिसच्या, म्हणजे पुण्यातल्या हवामान खात्याच्या हवाल्याने दरवर्षी आपण पेपरात वाचतो, ती मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपासची असते. आपल्याकडे वळीव पडत असतो तेव्हा तिकडे समुद्र खवळलेला आणि पाणी गढूळ. मास्क लावूनही दिसणार काय? जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत पाणी शांत आणि नितळ असतं. फक्त सुट्ट्यांची गर्दी चुकवा, मुक्कामाचे दर आपोआप उतरतात.

बोट आणि विमान एकाच दिवशी धरण्यात मोठा धोका आहे. हवा बिघडली की बोटी रद्द होतात. वाचवलेल्या एका मुक्कामापायी विमानाचं तिकीट बुडू शकतं. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा (२०२४ पासून त्याचं नाव श्री विजयपुरम). वाचवायचंच असेल तर फिनिक्स बे जेट्टीवरून सुटणाऱ्या सरकारी बोटीने जा. हॅवलॉकला, म्हणजे स्वराज द्वीपला पोचायला खासगी बोटीपेक्षा वेळ जास्त लागतो, पण भाडं बरंच कमी.

शंखांचं ‘फुकट’ महागात पडतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि प्रवाळांना व अनेक शंखांना त्याचं संरक्षण आहे. विमानतळावर सामान तपासताना ते काढून घेतात, गुन्हाही दाखल होऊ शकतो. शिवाय तिथल्या वाळूवर रिकाम्या शंखात शिरून राहणारे खेकडे जागोजागी दिसतात. आपण उचलतो ते त्यांचं घर असतं.

पावाबद्दल थोडक्यात. शेवाळ खाणारे मासे प्रवाळावरचं शेवाळ सतत साफ करत असतात, म्हणून प्रवाळाला जागा मिळते. त्यांना पावाची सवय लावली की हे काम मागे पडतं.

प्रवाळाचा मुद्दा मी शेवटी ठेवला, कारण मला सगळ्यात जास्त तोच लागला. प्रवाळ दिसतो दगडासारखा, पण त्याच्यावर इवल्याशा जिवांची वस्ती असते. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. बरंचसं अन्न आणि रंग त्यांना त्याच्याकडून मिळतो. पाणी फार तापलं की हे शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो. अंदमानात १९९८ आणि २०१० साली असं मोठ्या प्रमाणावर झालं. गोळ्यासारखा वाढणारा प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरच्या आसपास वाढतो, पुष्कळदा तेवढाही नाही. पायाखाली मोडलेला वीतभर तुकडा भरून यायला एक पिढी जाते.

आणि पोहता येण्याची अटही नाही. माझी आई ६१ वर्षांची, टिळक तलावाच्या पायरीवरही कधी उतरलेली नाही. हॅवलॉकच्या एलिफंट बीचवर लाइफ जॅकेट घालून, रिंगला धरून ती तरंगली आणि गाइडने रिंग ओढत नेली. पाय कुठेच टेकवावे लागले नाहीत. मास्क मात्र नीट बघून घ्या. पट्टा न लावता चेहऱ्यावर धरा आणि नाकाने श्वास आत ओढा. मास्क चिकटून राहिला तर बरोबर बसतो. माझ्या पहिल्या मास्कमधून पाणी आलं तेव्हा मी घाबरून उभी राहायला गेले होते आणि खाली प्रवाळ होता. गाइडने दंड धरला म्हणून पाय पडला नाही.

आई बाहेर आली ती थरथरत, पण हसत. म्हणाली, “अगं, तो हिरवा मासा दगड कुरतडतो ना, त्याचा आवाज येतो!” पोपटमासा होता तो. खडकावर उभी राहिली असती तर तिचे कान पाण्याबाहेरच राहिले असते. त्या अर्ध्या तासाचे पैसे आम्ही आदल्या दिवशी पोर्ट ब्लेअरजवळच्या वंडूरला टॅक्सीऐवजी एसटीसारख्या साध्या बसने जाऊन वाचवले होते.