'खरा कलावंत एकटाच असतो' म्हणे. उगं काहीही!

सध्या एक फॉरवर्ड फिरायलाय, तुमच्याही ग्रुपवर आला असंल. 'खऱ्या कलावंताचे पाच नियम', वर गुलाबाचं फूल. नियम असे: प्रतिभावंत एकटाच असतो, ज्ञानेश्वर-जनाबाईला कुठं ग्रुप होता. कच्चं लिखाण कुणाला दाखवू नका, रजिस्ट्रेशनच्या आधी दाखवलं की हक्क जातो. साहित्य मंडळं, नाटकाचे ग्रुप म्हणजे टाइमपास. टीका ऐकली की प्रतिभा मरते. आणि हातात मोबाइल असताना माणसं कशाला पाहिजेत. सगळ्यात शेवटी 'दहा कलावंतांना पाठवा'. एकटं राहा म्हणायलेत आणि दहा जण तर लागायलेतच!

एरवी मी असले मेसेज उघडतबी नाही, पण हा माझ्या भाचीनं पाठवला. परभणीला असते, कविता लिहिते, चांगल्या लिहिते. महिन्यातून एकदा काही जणं बसून एकमेकांचं ऐकतात तिथं जायची, ते हे वाचून बंद केलं आणि वर मलाच विचारायली, "मावशी, ह्याच्यात चुकीचं काय आहे सांग की." तर सांगते.

आधी जनाबाई. ज्यानं कुणी हे लिहिलं त्याला नेमकं तिचंच नाव सुचलं हे बरं झालं. जनाबाई आमच्या गंगाखेडची. तिच्या नावावर एक अभंग आहे, त्यात कुणाचे अभंग कुणी लिहून घेतले याची यादीच दिलीय. ज्ञानेश्वर बोलले ते चिदानंदबाबांनी लिहिलं, निवृत्तीचं सोपानानं, मुक्ताईचं ज्ञानदेवानं, सावता माळ्याचं काशिबा गुरवानं. ज्या चोखोबाला देवळात पाऊल टाकू देत नव्हते त्याचे अभंग लिहिले कुणी तर अनंतभट्टानं. आणि शेवटी ती म्हणते, म्हणून मग या जनीचे पांडुरंगानं. चमत्कार वाटत असंल तर बाजूला ठेवा, पण यादी बघा की. एकसुद्धा माणूस त्यात एकटा नाही, प्रत्येकाच्या नावापुढं दुसरं नाव आहे, आणि ही यादी करणारी कोण तर तुम्ही जिला एकटी एकटी म्हणायलात तीच बाई. ज्ञानेश्वरीचं तर काय सांगायचं, ग्रंथाच्या शेवटीच लिहिलंय की शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी टीका केली, म्हणजे गीतेचा अर्थ उलगडून सांगितला, आणि सच्चिदानंदबाबा लेखक झाले, म्हणजे उतरवून घेणारे. पुढं जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके १५०६ ला, पैठणच्या एकनाथांनी त्याच ग्रंथाची प्रत शुद्ध केली, कारण नकला करता करता पाठ बिघडले होते. बोलणारा एक, उतरवणारा दुसरा, नकला करणारे कोण कोण, आणि दुरुस्त करणारा शतकं उलटल्यावर आलेला. ह्याला एकट्याचं काम म्हणायचं?

बरं, लिहायला एकांत लागतो हे खरं, ते मी नाकारत नाही. कडव्यातली ओळ शेवटी ज्याची त्यालाच सापडते. पण हा फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढं एक बाप्या आहे, त्याला एक खोली आहे, दार लावलं की कुणी हाक मारत नाही. भाचीनं घरी 'एकटी' राहायचं म्हणजे काय, तर कुकर लावणं, सासऱ्याच्या गोळ्या, लेकराचा अभ्यास. वही घेऊन तिला घराबाहेर पडता येतं ते त्या बैठकीच्या निमित्तानंच. तो तास गेला की कविता गेली, आणि घरच्यांना तर बरंच. राग येतो तो ह्याच मुद्द्याचा. अहो, आमच्या आज्या-पणज्यांनी ओव्या रचल्या त्या दळताना, एका जात्याला दोघी बसून, एकीनं सुरू करायचं दुसरीनं उचलायचं. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या कामातून अशा लाखावर ओव्या गोळा झाल्यात. त्या बायांना एकांत मिळायची वाट बघायला लावली असती तर किती झाल्या असत्या?

आता लिखाण चोरीला जायच्या भीतीचं. रजिस्ट्रेशनच्या आधी दाखवलं की हक्क जातो हे साफ खोटं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोंदणी सक्तीची नाहीच, तुम्ही लिहिलं त्या क्षणी हक्क तुमचा. नुसती कल्पना कुणी उचलली तर कायदा मदतीला येत नाही, एवढं अर्धं खरं आहे, घ्या. पण दोन-चार माणसांनी कविता तुमच्या तोंडून ऐकलेली असंल तर भांडायला साक्षीदार तरी असतात, कपाटातल्या वहीला कोण साक्ष देणार?

मंडळं टाइमपास? निजामाच्या काळात इथं मराठवाड्यात गस्ती निशाण ५३ म्हणून हुकूम होता, परवानगीशिवाय सभा घ्यायची नाही. टाइमपासला कोण हुकूम काढतं का? त्याच राजवटीत १९४३ साली मराठवाडा साहित्य परिषद उभी राहिली. पुढं औरंगाबादला गंगाधर पानतावणे यांनी अस्मितादर्श हे दलित साहित्याचं नियतकालिक नुसतं छापलं नाही, मेळावे भरवले, जिथं लिहिणारी पोरं एकमेकांना पहिल्यांदा भेटली. नाटककार प्रशांत दळवी, दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी यांनीसुद्धा आधी इथंच जिगीषा ही नाट्यसंस्था काढून नाटकं केली, मग मुंबई. आता गटबाजी असते, अध्यक्षपदावरून भांडणं होतात, त्याच त्याच माणसांना शाली मिळतात, हे मी बघितलंय, नाही म्हणत नाही. मग तिथून उठायचं, दुसरीकडं बसायचं, घरी कशाला बसायचं.

टीकेनं प्रतिभा मरते यावर काय बोलू. सांगणाऱ्याची पद्धत वाईट असू शकते, दोन दिवस तोंड उतरतं, नंतर बहुतेक वेळा ती ओळ खरंच लंगडी निघते.

राहिला मोबाइल. त्याच्यावर शिकायला मिळतं, मी पण शिकते. पण तिथं कवितेखाली 'वा, अप्रतिम' आणि दोन हात जोडलेले येतात, तिसऱ्या कडव्याला समोरचा माणूस चुळबुळ करायलाय ते कुठं दिसतंय.